दिनामावशीचा सांगावा

"कोण मेलंय रे?"

खालून आवाज आला तेव्हा मी माळ्यावर होतो. ओकच्या फळीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं शिडीवर अर्ध्यात उभ्या असलेल्या वोल्टरच्या हातात होतं. वोल्टरने त्याचं टोक सोडलं. फळी सुटली ती गोठ्याच्या फरशीवर जाऊन अशी आपटली की छपरातली कबुतरं फडफडत बाहेर गेली आणि वर्षानुवर्षांची धूळ आमच्या तोंडावर आली.

घरातून गोठ्यात उघडणारं एक छोटं दार आहे. त्या दारात दिनामावशी उभी होती. अंगात फुलाफुलांचा झगा, पायात लाकडी बूट, हातात काठी, झोपेने केस विस्कटलेले. आम्ही जिच्या शवपेटीसाठी फळ्या काढत होतो, तीच.

"विचारतेय मी. घंटा वाजतेय ना? दोन-दोन ठोके. म्हणजे बाई आहे. कोण गेली?"

वोल्टर सुतार आहे आणि आमच्या वाडीत त्याच्याइतका तोंडाळ माणूस नाही. तो शिडीला मिठी मारून गप्प उभा होता. शेवटी मीच वरून म्हणालो, "मावशी, तू."

"मी काय?"

"तू गेलीस. म्हणजे, तुझ्या खिडक्यांच्या झडपा बंद दिसल्या."

तिने फळीकडे पाहिलं. मग आमच्या अंगातल्या काळ्या कोटांकडे पाहिलं. भर ऑगस्टात, उन्हाच्या काहिलीत आम्ही ते चढवून आलो होतो. तिला हसू फुटलं. हसता हसता पोटात कळ आली तशी ती दाराची चौकट धरून वाकली, आणि वाकूनही हसतच राहिली.

"मेल्यांनो, निदान नाडी तरी बघायची!"

तेवढ्यात तिच्या मागून मार्लूस धावत आली, हातात लिंबूपाण्याचा पेला घेऊन. मार्लूस म्हणजे शेजारच्या घरात राहायला आलेली शहरातली बाई. "काय झालं? काय पडलं? दिनाताई, तुम्ही उठलात कशाला?" मग तिला आम्ही दिसलो. "मी फक्त झडपा लावल्या हो. त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं."

ऊन येत होतं म्हणून झडपा लावल्या. जगात कुठेही बाई हे करेल आणि शहाणी ठरेल. पण आमच्या वाडीत खिडक्यांच्या झडपा दिवसाढवळ्या एकाच कारणासाठी बंद होतात. घरात मयत असतं, आणि पहिला शेजारी येऊन त्या बंद करतो. पहिला शेजारी कोण हे कुणी निवडत नाही. ते घराला चिकटलेलं असतं. घर विकलं की शेजारपणही त्याच्याबरोबर विकलं जातं, विहिरीसारखं. मार्लूसने ते घर घेतलं तेव्हा तिला सौनाबद्दल, म्हणजे वाफेच्या खोलीबद्दल सांगितलं, छपराबद्दल सांगितलं. शेजारची म्हातारी मेली तर तिला आंघोळ तू घालायची आहेस, हे दलालाने सांगितलं नाही.

"सांगावा कुणी आणला तुमच्याकडे?" मावशीने विचारलं. आता ती हसत नव्हती.

वोल्टरचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"दारात कोण आलं होतं? काय बोललं?"

"ग्रुपवर आलं," वोल्टर म्हणाला.

"कसल्या ग्रुपवर?"

"फोनवर गं, मावशी. वाडीचा ग्रुप आहे. कुणीतरी टाकलं, दिनाच्या झडपा बंद. मग सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली."

"आणि बेरेंडनं चित्रावर घंटा वाजवली." ती काठी टेकत दोन पावलं पुढे आली. "सांगाव्याशिवाय घंटा! जा, त्याला थांबवा कुणीतरी. दमेल तो. आणि जिच्यासाठी वाजवतोय तिलाच ऐकू येतंय म्हणावं."

मी शाळेकडे धावलो. आमची शाळा बंद पडून जमाना झाला, पण तिच्या अंगणातल्या लाकडी चौकटीत घंटा आहे आणि तिची दोरी मयताच्या घराच्या दुसऱ्या शेजाऱ्याच्या, म्हणजे इथे बेरेंडच्या हातात असते. बेरेंड टोपी काढून, डोळे मिटून दोरी ओढत होता. मी ओरडलो, "थांब, जिवंत आहे ती!"

त्याने डोळे उघडले. दोरी हातात तशीच. घंटेने स्वतःहून आणखी एक ठोका दिला, अर्धवट. बेरेंडचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो आनंदाने पडलेला नव्हता.

"मग ही कुणासाठी वाजली?" तो म्हणाला.

---

दिना हेसेलिंकने आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल. तिने गाईंचं दूध काढलं आणि आमची मढी धुतली. वाडीबाहेरचं तिचं जग म्हणजे सीमेपलीकडच्या जर्मन गावातली शनिवारची खरेदी. नवरा हार्म लवकर गेला, मुलगा एडविन शिकून देशाच्या पश्चिमेला, शहरात गेला, तिचे पाय थकल्यावर गाई गेल्या. राहिलं ते मढ्यांचं काम. खरं तर ते ज्याच्या-त्याच्या पहिल्या शेजाऱ्याचं काम. पण लोक दारातच अडतात, मग "दिनाला बोलवा." ती यायची. बाह्या दुमडायची, नातेवाइकांना स्वयंपाकघरात पिटाळायची आणि दार लावून घ्यायची.

माझी आई गेली तेव्हा मी हट्टाने आत थांबलो. सगळं झाल्यावर मावशीने आईचे लोकरीचे मोजे घेतले आणि शेगडीवर धरून गरम केले. उलटे करून, आतली बाजू. मी विचारलं, "हे कशाला?" ती माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तशी बघून म्हणाली, "थंडगार मोजे घालायला कुणाला आवडतात?"

त्या फळ्या तिच्या लग्नाच्या वर्षी सासऱ्याने घरामागचा ओक तोडून काढलेल्या. दोन पेट्यांपुरत्या. हार्मच्या हार्मबरोबर गेल्या. तिच्या वाट्याच्या माळ्यावर, गाईंच्या डोक्यावर सुकत राहिल्या. नवरीच्या डोक्यावर तिची पेटी टांगलेली. आमच्याकडे यात कुणाला काही वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या पोटात गाठ निघाली. काढण्यासारखी नव्हती. डॉक्टर तरुण, सभ्य. त्याने खुर्ची जवळ ओढून विचारलं की फार त्रास व्हायला लागला तर तारीख ठरवून शांतपणे जाता येतं, तुम्ही त्याचा विचार केलाय का. मावशी म्हणाली, "मी कधी गाईला व्यायची तारीख दिली नाही. तू मला देऊ नकोस. दुखायचं औषध दे."

तिला हवं होतं ते एवढंच. घरात मरायचं. शेजाऱ्यांनी धुवायचं. स्वतःच्या फळ्यांत निजायचं, आणि गोठ्याच्या मोठ्या दारातून, ज्या दारातून गवताची गाडी आत यायची आणि नवरी आत यायची, त्याच दारातून शेजाऱ्यांच्या खांद्यावर बाहेर पडायचं. यात मागण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तिने आमच्यापैकी प्रत्येकासाठी ते केलं होतं. ते तिचं येणं होतं आणि आमचं देणं.

पण आता घंटा वाजून गेली होती.

आमच्या वाडीत नाताळ सोडला तर चर्चमध्ये कुणी फिरकत नाही. छपरावर सौर पॅनेल आहेत, दूध यंत्र काढतं, गाईच्या गळ्यातला पट्टा ती किती वेळा रवंथ करते ते फोनवर कळवतो. आणि तरी रिकाम्या घंटेला आम्ही भितो. घंटा कुणासाठी तरी वाजते, आणि ते माणूस मेलेलं नसेल तर ती दुसरं शोधते. हे कुणी शिकवलं माहीत नाही. सगळ्यांना मात्र माहीत असतं.

त्या दिवशी आम्ही फळ्या परत माळ्यावर चढवल्या नाहीत. खाली आलेल्या फळ्या वर न्यायच्या नसतात, असं वोल्टर म्हणाला. खरं कारण असं की त्यांना हात लावायची आमची छाती नव्हती. गोठ्याच्या मधोमध, बरोबर वाटेत, आम्ही त्या तशाच टाकून आलो. पुढे मावशी रोज त्यांच्या कडेने झाडायची. मांजर त्यांच्यावर झोपायचं.

निघताना ती मला म्हणाली, "रूलोफ, आता आलाच आहेस तर त्या मोठ्या दाराकडे एकदा बघशील का? गाई विकल्यापासून उघडलं नाही. बिजागऱ्या गंजून बसल्यात. मला न्यायच्या दिवशी तुम्ही ढकलत बसाल आणि मी आपली पेटीत पडून वाट बघतेय."

"बघतो की."

"कधी?"

"शनिवारी येतो. तेल घेऊन."

"ये," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

---

सप्टेंबरात बेरेंड अंगणात कोसळला. छाती दाबून. रुग्णवाहिका आली, त्याला घेऊन गेली, आणि आठवडाभराने गोळ्यांची पिशवी देऊन परत पाठवला. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण शाळेच्या अंगणाकडे न बघता जाऊ लागला. बेरेंडच्या बायकोने मावशीला अंडी पाठवणं बंद केलं. वोल्टरच्या बायकोने मुलांना त्या रस्त्याने सायकल न्यायला बंदी केली. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. हेसेलिंकांच्या घराकडे जाणारी वाट तेवढी ओस पडली.

मी शनिवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेलो नाही. तेलाचा डबा गाडीत मागे पडून होता. वळण आलं की गडगडायचा.

मग बेरेंडच्या बायकोचा वाढदिवस आला. खोलीभर गोल मांडलेल्या खुर्च्या, मांडीवर केकची बशी, आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं. मका कसा झालाय ते बोलून झालं, खताचे नवे नियम बोलून झाले. कुणीतरी दिनाचं नाव काढलं. कशी आहे म्हणे? आहे, कुणीतरी म्हणालं. मार्लूस जाते रोज.

बेरेंडने बशी खाली ठेवली. "स्पष्ट बोलू का?" तो म्हणाला. "तिनं आता उरकून घ्यावं."

 कुणी त्याला "गप रे" म्हणालं नाही. ज्यांच्या आईला, बापाला, तान्ह्या मुलीला त्या बाईने धुऊन दिलं होतं ते सगळे त्या खोलीत होते आणि बशीतल्या केककडे बघत होते. मी कॉफी ढवळत होतो. मी साखर घेत नाही.

योके, माझी बायको, घरी येताना गाडीत म्हणाली, "तू का बोलला नाहीस?"

"तू बोललीस?"

मागे डबा गडगडला.

ते वाक्य मावशीपर्यंत गेलं. अशी वाक्यं जातातच. तिने मार्लूसला सांगितलं, "बेरेंडला म्हणावं, घाई करतेय मी. पण जमत नाहीये."

---

एडविन ऑक्टोबरात आला. हे मला मार्लूसने नंतर सांगितलं, ती तेव्हा खोलीत होती. एडविन वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. वाईट माणसं सोपी असतात. हा नीटनेटका आहे. त्याने अंत्यविधीच्या एका कंपनीची रंगीत पुस्तिका आणली होती. पेट्यांची चित्रं, फुलांची चित्रं, काचेच्या भिंतींच्या सभागृहाचं चित्र. मावशीने चष्मा लावून सगळी पानं उलटली. "सुटकेसा आहेत जणू," ती म्हणाली. "चाकं कुठायत?"

"आई, चेष्टा नको. एक फोन केला की तासाभरात गाडी येते. पुढचं सगळं ते बघतात. कुणाला त्रास नाही."

"त्रास कसला त्यात? शेजारी करतात ते."

"कुठले शेजारी?"

तिने पुस्तिका मिटली.

"सांग ना मला. खांद्याला सहा माणसं लागतात. नावं सांग. मी आत्ता जाऊन भेटतो एकेकाला." त्याचा आवाज चढला होता. "ऑगस्टपासून या घरात कोण आलंय, आई? त्या फळ्या टाकून पळाले ते! मी दोनदा अडखळलो त्यांच्यावर. तू अजून त्यांच्या भरवशावर बसलीयेस?"

त्याचं चुकलं होतं का? नाही. एक शब्दसुद्धा खोटा नव्हता. म्हणूनच मला त्याचा आजही राग येतो.

"ते आले तर बाकी काही लागणार नाही," मावशी म्हणाली. "नाही आले तर कर तुझा फोन."

"मला कळणार कसं, आले की नाही?"

"मार्लूस सांगेल. संध्याकाळपर्यंत थांबायचं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, तर तुझी गाडी."

असा सौदा झाला. एडविनने मार्लूसकडून कबूल करून घेतलं की ती त्याच संध्याकाळी फोन करेल, काहीही झालं तरी. मार्लूस हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर मावशीने तिला शिकवायला सुरुवात केली. पलंगावर पडल्या पडल्या. पाणी किती कोमट, हनुवटीखाली फडकं कसं बांधायचं, हात कडक व्हायच्या आत छातीवर कसे घ्यायचे. मार्लूस मध्येच रडायची.

"रडायचंय तर आत्ता रडून घे," मावशी म्हणायची. "तेव्हा हात भरलेले असतील तुझे."

आणि सांगावा, तोही तिच्याच शब्दांत. आधी झडपा, मग सांगावा. अंगात माझा काळा कोट घाल. चालत जा, गाडीतून नाही. मागच्या दारानं जायचं, पुढच्या दारानं फक्त पोलीस येतात आणि पाद्री. बसायचं नाही. कॉफी घ्यायची नाही. कुणी कसं, कधी, विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तीन वाक्यं. म्हण बघू.

मार्लूस म्हणायची. तिची जीभ शहरातली. आमच्या बोलीतले शब्द तिच्या तोंडात गरम बटाट्यासारखे फिरायचे. मावशी डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "परत."

एकदा मार्लूसने विचारलं, "आणि नाही आले तर?"

"सांगावा गेला की येतात."

"पण नाहीच आले तर, दिनाताई?"

मावशीने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "हे परत विचारू नकोस," ती म्हणाली. "चल. पहिल्यापासून."

---

नोव्हेंबरातला मंगळवार. धुकं इतकं दाट की कुंपणाचे खांब अर्ध्यातच संपत होते. मी गाईंना चारा घालून बाहेर आलो आणि हेसेलिंकांच्या घराकडे पाहिलं. मी रोज बघत होतो. न बघितल्यासारखं करून बघत होतो.

झडपा बंद होत्या. सगळ्या.

घरात गेलो तर टेबलावर फोन थरथरत होता. कुणीतरी लिहिलं होतं, "परत झडपा." खाली कुणीतरी हसऱ्या सूर्याचं चित्र टाकलं होतं. मग कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याची खूण तेवढी दिसत होती.

योके माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "रूलोफ, बाहेर ऊन आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? सांगावा येईल ना. सांगाव्याशिवाय जायचं नसतं. मागच्या वेळी काय झालं ते पाहिलंस ना?"

बघा, कशी रीत आठवली. ऑगस्टात जी आठवली नव्हती तीच. आता मी तिच्याआड लपत होतो, आणि मी एकटाच लपत नव्हतो. वोल्टर त्याच्या कारखान्यात करवत सुरू करून उभा होता. करवतीखाली लाकूड नव्हतं, हे त्याने मला पुढे स्वतः सांगितलं. बेरेंडने पडदा ओढून घेतला होता. संध्याकाळ झाली की काळी गाडी येईल, दार लागेल, गाडी जाईल आणि आपण सुटू. हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही. पण त्या सकाळी वाडीतलं प्रत्येक घर हाच हिशोब करत बसलं होतं, आणि मी त्यात होतो.

योके खिडकीशी गेली. "येतेय," ती म्हणाली.

धुक्यातून आधी कोट आला. दिनामावशीचा काळा कोट, पाऊणशे मढ्यांमागून चाललेला. मार्लूसच्या अंगात तो घोट्यापर्यंत येत होता. मावशी उंच होती, हे मी विसरून गेलो होतो. मार्लूस चालत होती. चिखलातून, घराला वळसा घालून, मागच्या दाराकडे.

मी दार उघडलं. योकेच्या तोंडून निघून गेलं, "अगं, आत ये, गारठलीयेस, कॉफी—"

मार्लूसने नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते. हात लाल झाले होते, पाण्यात राहिल्यासारखे. तिने एक श्वास घेतला आणि आमच्या बोलीत, त्या तिच्या वाकड्यातिकड्या उच्चारांत, म्हणाली,

"हेसेलिंकांच्या घरातनं सांगावा आहे. दिना गेली. तुमचे हात लागतील."

याला एकच उत्तर असतं. ते मी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं, बापाच्या तोंडून ऐकलं होतं. मला वाटलं होतं की मला ते येणार नाही. माझी टोपी हातात कधी आली कळलं नाही.

"हात आहेत," मी म्हणालो.

ती वळली आणि चालू लागली. वोल्टरकडे. करवत थांबल्याचं मला ऐकू आलं.

मग बेरेंडकडे. त्याचं अंगण आमच्या कुंपणाला लागून आहे. बेरेंड दारात उभा होता, ती चिखलात उभी होती. तिने तीन वाक्यं म्हटली असणार, कारण मग ती गप्प राहिली. बेरेंडही गप्प. ती परत म्हणाली नाही. सांगावा दोनदा म्हणायचा नसतो. ती निघूनही गेली नाही. मोठा कोट घालून तिथेच उभी राहिली, धुकं तिच्या केसांवर बसत होतं, आणि बेरेंड दाराची कडी धरून तिच्याकडे बघत होता.

शेवटी त्याचे ओठ हलले. मग तो टोपी शोधायला आत गेला.

थोड्या वेळाने घंटा वाजली. दोन-दोन ठोके. रिकामी नव्हती.

---

मार्लूसच्या फोनवरून एडविन संध्याकाळी उशिरा पोचला तेव्हा पेटी अर्धी झाली होती. वोल्टर गोठ्यातच करत होता, दिव्याखाली, आणि आम्ही फळ्या धरत होतो. एडविन दारात थांबला. हातातला फोन त्याने खिशात टाकला आणि काय करावं ते न सुचून भुसा गोळा करायला लागला. कुणी त्याला अडवलं नाही.

आतल्या खोलीत मावशी निजलेली होती. हनुवटी नीट बांधलेली, हात नीट. शेजारी हीटरवर लोकरीच्या मोज्यांचे तंतू चिकटून राहिले होते, दोन पावलांच्या आकारात. मी मार्लूसला काही विचारलं नाही.

शनिवारी न्यायचं होतं. मी आणि वोल्टर लवकर गेलो, मोठ्या दारासाठी. मी तो तेलाचा डबा घेतला होता, अखेर. वोल्टरने पहार आणि हातोडा आणला होता. इतकी वर्षं न उघडलेलं दार, दोन पुरुष उंच, धुक्याने फुगलेलं. बेरेंड गोळ्या खिशात घालून आला होता आणि लांबून सांगत होता, "खालून उचला, खालून." आम्ही दोघांनी खांदा लावला, श्वास धरला आणि जोर लावला.

दार आवाज न करता उघडलं. इतकं सहज की आम्ही दोघे बाहेरच्या दगडांवर तोंडघशी पडता पडता वाचलो.

गंज खरवडलेला होता. सगळ्या बिजागऱ्यांवर तेल होतं, खायचं तेल, आणि त्याचे ओघळ लाकडावरून खाली आले होते. मी मार्लूसकडे पाहिलं. तिने मान हलवली. ती नव्हे.

वरच्या बिजागरीला माझा हात पोचत नाही. तिच्या खाली दूध काढायचं स्टूल एका उलट्या पेटाऱ्यावर चढवलेलं होतं, आणि स्टूलवर लाकडी बुटांचे तेलकट ठसे होते. बाजूला मावशीची काठी टेकवून ठेवलेली.

वोल्टरने पहार भिंतीशी ठेवली. माझा डबा मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

आत पेटी तयार होती, बाकीचे खोळंबले होते. वाटेत आलेलं ते स्टूल मी उचललं, भिंतीपाशी नेऊन ठेवलं, आणि परत येऊन पेटीला हात घातला.